लिनक्सवर ‘लायब्ररी सापडत नाही’ तेव्हा

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याजवळ छापील मराठी कागदपत्रांचा मोठा साठा असतो. जुने वार्षिक अहवाल, परिपत्रके, शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काढलेल्या स्मरणिका असे कितीतरी साहित्य कपाटांत पडून असते. त्याची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविली, तरी त्यातील एखादे नाव किंवा ठराव शोधता येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ते केवळ चित्र असते. अशा चित्रातील छापील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूर करून देणारी ‘टेसरॅक्ट’ नावाची आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ती विकसित झाली, २००५ मध्ये तिची मूळ संहिता सर्वांस खुली करण्यात आली आणि पुढे २००६ पासून २०१८ पर्यंत गूगल कंपनीने तिच्या विकासाची जबाबदारी सांभाळली. मराठी अक्षरे ओळखण्याची सोय तिच्यात आहे. हस्तलिखितांसाठी मात्र ती तयार केलेली नाही.

लिनक्सवर ही आज्ञावली दोन प्रकारे बसविता येते. वितरणाच्या भांडारातून तयार संच घेणे हा पहिला प्रकार आणि मूळ संहिता आणून ती आपल्या संगणकावर संकलित करणे, म्हणजे कम्पायल करणे, हा दुसरा. बहुतेक कार्यालयांना पहिला प्रकार पुरेसा आहे व प्रथम तोच करून पाहावा. परंतु भांडारातील आवृत्ती पुष्कळदा मागे असते. उदाहरणार्थ, टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तरी एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ च्या भांडारात ४.१.१ हीच आवृत्ती होती. नवी आवृत्ती हवी असणाऱ्यास, किंवा विद्यार्थ्यांना संकलनाची प्रक्रिया शिकविणाऱ्या अध्यापकास, दुसऱ्या मार्गाने जावे लागते. त्या मार्गावर हमखास भेटणारा अडथळा म्हणजे अमुक लायब्ररी सापडत नाही असे सांगून थांबणारा संगणक.

या अडथळ्याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. काही जण संगणकात दोष आहे असे समजून काम सोडून देतात आणि कागदपत्रे पुन्हा कपाटात जातात. दुसरे काही जण सापडेल तेथून हव्या त्या नावाची फाइल आणून संगणकात टाकतात. ज्या यंत्रात नागरिकांची माहिती साठविलेली आहे, त्या यंत्राच्या बाबतीत हा दुसरा परिणाम अधिक घातक होय. वास्तविक संगणकाचा संदेश नीट वाचला, तर काय हवे आहे आणि कोणत्या टप्प्यावर हवे आहे हे त्यातच सांगितलेले असते.

फितींचे कपाट

संगणकाच्या संदर्भात लायब्ररी हा शब्द आला तो अगदी शब्दशः. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यावर काम करणारे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनले गिल यांच्या असे लक्षात आले की, वर्गमूळ काढणे, संख्या छापणे यांसारख्या आज्ञा प्रत्येक आज्ञावलीत नव्याने लिहाव्या लागतात व दर वेळी नव्या चुका होतात. म्हणून तपासून घेतलेले असे आज्ञासमूह छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर नोंदवून कपाटात ठेवण्यात आले. ज्याला जी फीत लागेल, त्याने तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावयाची. या पद्धतीचे विवेचन करणारे त्या तिघांचे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आजही लायब्ररीचा अर्थ तोच आहे. फरक पडला तो नक्कल करण्याच्या रीतीत. प्रत्येक आज्ञावलीत नक्कल उतरविण्याऐवजी लायब्ररीची एकच प्रत संगणकात ठेवावयाची आणि आज्ञावली चालू होतेवेळी तिला त्या प्रतीशी जोडावयाचे, अशी व्यवस्था लिनक्सवर सर्वसाधारणपणे असते. तीस सामायिक लायब्ररी म्हणतात. तिच्यामुळे जागा वाचते, पण त्याहून मोठा लाभ दुरुस्तीचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. त्या वेळी ती एक लायब्ररी बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या साऱ्या आज्ञावली सुरक्षित होत. प्रत्येक आज्ञावलीत स्वतंत्र नक्कल असती, तर त्या एकेक करून पुन्हा बांधाव्या लागल्या असत्या. या सोयीची किंमत अशी की, सामायिक प्रत जागेवर नसेल तर आज्ञावली बांधताही येत नाही व चालतही नाही.

तीन टप्पे, तीन उणिवा

मूळ संहितेपासून चालती आज्ञावली तयार होईपर्यंत लायब्ररीचा संबंध तीन वेळा येतो. पहिल्या टप्प्यावर कम्पायलर संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्याला लायब्ररी लागत नाही. तिच्यात कोणत्या आज्ञा आहेत, त्यांना काय द्यावयाचे व त्यांच्याकडून काय मिळते याची सूची तेवढी लागते. ही सूची ‘हेडर’ फाइलीत असते व तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ‘एच’ हे अक्षर असते. दुसऱ्या टप्प्यावर लिंकर नावाची आज्ञावली रूपांतरित तुकडे एकमेकांस व लायब्ररीस जोडते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष चालविण्याचा. त्या वेळी सामायिक प्रत शोधून ती स्मृतीत आणण्यात येते.

पहिल्या टप्प्यावर उणीव असेल तर हेडर फाइलीचे नाव सांगून ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो. दुसऱ्यावर ‘कॅनॉट फाइंड’ आणि पुढे ‘-एल’ लावून लायब्ररीचे नाव येते. तिसऱ्यावर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे शब्द दिसतात. हे तिन्ही संदेश ‘लायब्ररी नाही’ या एकाच तक्रारीची रूपे आहेत असे समजले जाते आणि तेथेच घोटाळा होतो, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. येथे संदेश व आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत असतात आणि लिनक्स लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद करते, हे टंकन करताना ध्यानात ठेवावे.

पहिल्या दोन टप्प्यांवरील उणिवेचे सर्वांत सामान्य कारण समजून घेण्याजोगे आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी वितरणे एकाच लायब्ररीचे दोन संच करतात. एकात आज्ञावली चालविण्यास लागणारी सामायिक प्रत असते व दुसऱ्यात आज्ञावली बांधण्यास लागणारे हेडर इत्यादी साहित्य. बहुसंख्य लोकांना काहीच बांधावयाचे नसते, म्हणून दुसरा संच मुद्दाम मागितल्याशिवाय बसविला जात नाही. डेबियन व उबुंटूवर त्याच्या नावाच्या शेवटी ‘-डेव’ आणि फेडोरावर ‘-डेव्हेल’ असते.

यामुळेच पुष्कळदा मोठी विसंगती दिसते. लायब्ररीची फाइल तर डोळ्यांसमोर असते, तरी लिंकर ती नाही म्हणतो. दाब देऊन माहिती लहान करणाऱ्या ‘झेडलिब’ लायब्ररीचे उदाहरण घ्यावे. ‘-एलझेड’ असे सांगितले की लिंकर आरंभी ‘लिब’ व शेवटी ‘.एसओ’ जोडून ‘लिबझेड.एसओ’ या नावाची फाइल शोधतो. चालविण्याच्या संचात ‘लिबझेड.एसओ.१’ असते, म्हणजे नावाला क्रमांक जोडलेला असतो. क्रमांक नसलेले नाव ‘-डेव’ संचातून येते. अशा वेळी फाइलीचे नाव हाताने बदलण्याचा मोह होतो, पण तो संच बसविणे हाच योग्य उपाय होय.

टेसरॅक्टची बांधणी

टेसरॅक्ट ही चित्रावरील प्राथमिक संस्कारांसाठी ‘लेप्टोनिका’ या लायब्ररीवर विसंबून आहे. संहितेच्या कप्प्यात ‘ऑटोजेन’ आणि नंतर ‘कॉन्फिगर’ या आज्ञा दिल्या की, संकलन सुरू होण्यापूर्वीच आवश्यक साहित्याची तपासणी होते. लेप्टोनिका नसल्यास तिची १.७४ किंवा त्यापुढील आवृत्ती हवी आहे, ‘लिबलेप्टोनिका-डेव’ हा संच बसवून पाहावा, असे ‘कॉन्फिगर’ स्पष्ट शब्दांत सांगते. इतकी स्पष्ट सूचना सर्वच आज्ञावली देत नाहीत. ती सूचना उबुंटू-डेबियनच्या भाषेत आहे. फेडोरावर हा संच ‘लेप्टोनिका-डेव्हेल’ या नावाने मिळतो.

संच बसविल्यानंतरही तोच संदेश आला तर? ‘कॉन्फिगर’ ही तपासणी ‘पीकेजी-कॉन्फिग’ या साधनामार्फत करते. प्रत्येक लायब्ररी आपली आवृत्ती, हेडरचा कप्पा आणि जोडणीची माहिती एका लहानशा फाइलीत ठेवते व तिच्या नावाच्या शेवटी ‘.पीसी’ असते. लेप्टोनिकाची अशी फाइल ‘लेप्ट.पीसी’ होय. लेप्टोनिका स्वतः बांधून ‘/यूएसआर/लोकल’ या कप्प्यात बसविली असेल, तर काही वितरणांवर पीकेजी-कॉन्फिग तेथे पाहतच नाही. अशा वेळी ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या मोठ्या अक्षरांतील चलाला त्या कप्प्याचा पत्ता द्यावा लागतो. तपासणी नेमकी कोठे अडली हे पाहण्यासाठी त्याच कप्प्यात तयार होणारी ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडावी. ती लांबलचक असते खरी, पण तिच्यात फसलेल्या प्रत्येक चाचणीचा मूळ संदेश असतो. पडद्यावरच्या एका ओळीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवणे केव्हाही चांगले.

तपासणीत आलेला प्रत्येक नकार अडथळा असतो असेही नाही. ‘आयसीयू’, ‘पँगो’ किंवा ‘कैरो’ नसल्यामुळे प्रशिक्षणाची साधने बांधली जाणार नाहीत, असे टेसरॅक्ट कळविते. ती साधने नव्या लिपीचे किंवा अक्षरवळणाचे शिक्षण आज्ञावलीस देणाऱ्यांसाठी आहेत. ज्याला केवळ पाने वाचून घ्यावयाची आहेत, त्याने त्या सूचनेकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

टेसरॅक्ट वापरून स्वतःची लहान आज्ञावली लिहिणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. ‘-डेव’ संच बसलेला असूनही कम्पायलर ‘ऑलहेडर्स.एच’ सापडत नाही असे म्हणतो. ही फाइल लेप्टोनिकाचीच आहे, परंतु ती हेडरच्या मुख्य कप्प्यात नसून त्यातील ‘लेप्टोनिका’ या उपकप्प्यात असते. संहितेत उपकप्प्यासह नाव लिहावे, अथवा ‘-आय’ या खुणेने कम्पायलरला तो कप्पा दाखवावा. एखादी हेडर फाइल कोणत्या संचात आहे हेच ठाऊक नसेल, तर डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-फाइल सर्च’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ ही आज्ञा फाइलीच्या नावावरून संचाचे नाव सांगते.

जोडणीच्या वेळी ‘अनडिफाइंड रेफरन्स’ असा संदेश आला, तर प्रकरण किंचित निराळे असते. येथे आज्ञेचे नाव सूचीत होते, पण तिचा प्रत्यक्ष मजकूर लिंकरला मिळाला नाही. लायब्ररीचा उल्लेख राहून गेला असेल, किंवा तो चुकीच्या जागी आला असेल. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. म्हणून जी फाइल आज्ञा मागते ती आधी आणि जी लायब्ररी ती पुरविते ती नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. पुष्कळ जाणकारांचाही वेळ या एका क्रमापायी गेला आहे.

आवाज न करणारी उणीव

संगणक थांबून तक्रार करतो, तेव्हा निदान काही तरी चुकले हे कळते. परंतु लेप्टोनिकाच्या बाबतीत असेही घडते की, सर्व टप्पे निर्विघ्न पार पडतात आणि आज्ञावली चालू झाल्यावर चित्रच वाचीत नाही. त्या वेळी ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ असा त्रोटक संदेश दिसतो.

याचे कारण असे. लेप्टोनिका चित्राच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी आणखी काही लायब्रऱ्यांचे साहाय्य घेते. पीएनजीसाठी ‘लिबपीएनजी’, जेपेगसाठी ‘लिबजेपेग’ आणि टिफसाठी ‘लिबटिफ’ लागते. या ऐच्छिक मानल्या गेल्या आहेत. लेप्टोनिका बांधतेवेळी त्यांचे ‘-डेव’ संच नसतील, तर ती अडून न बसता त्या त्या प्रकाराशिवाय तयार होते. नंतर ते संच बसविले तरी उपयोग होत नाही, कारण बांधणी होऊन गेलेली असते. प्रथम चित्रांच्या लायब्रऱ्यांचे संच बसवावे, मग लेप्टोनिकाची तपासणी व संकलन पुन्हा करावे आणि शेवटी टेसरॅक्टकडे वळावे. जुने अर्धवट तुकडे राहू नयेत म्हणून मध्ये ‘मेक क्लीन’ ही आज्ञा द्यावी. बांधणी पुरी झाली की ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ असे विचारावे. उत्तरात लेप्टोनिकाच्या आवृत्तीखाली तिच्याशी जोडल्या गेलेल्या चित्र-लायब्रऱ्यांची नावे येतात. त्या ओळीत हवे ते नाव नसेल, तर शेकडो पानांची छायाचित्रे घेण्यापूर्वीच ते कळून येते.

बांधली, पण चालत नाही

‘मेक इन्स्टॉल’ झाल्यानंतर पहिल्याच वापराला ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५’ उघडता येत नाही असे उत्तर मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. ही फाइल तर याच संगणकावर नुकतीच तयार झालेली असते व ‘/यूएसआर/लोकल/लिब’ या कप्प्यात ती दिसतेही. तथापि लिनक्स दर वेळी सर्व कप्पे धुंडाळीत नाही. ते आपल्याजवळील नोंदवहीत पाहते, आणि नव्या फाइलीची नोंद तीत झालेली नसते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने दिली की नोंदवही अद्ययावत होते. उबुंटू व डेबियनवर एवढे पुरेसे आहे. फेडोरावर मात्र ‘/यूएसआर/लोकल/लिब’ हा कप्पा मुळात यादीत नसतो. त्याचा पत्ता लिहिलेली एक लहान फाइल ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या कप्प्यात ठेवून मग एलडीकॉन्फिग चालवावे लागते.

कोणती लायब्ररी सापडते व कोणती नाही याची यादी ‘एलडीडी’ ही आज्ञा देते. न सापडणाऱ्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ असे येते. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या आज्ञावलीवर एलडीडी चालवू नये. काही परिस्थितीत ती आज्ञावलीच चालू होण्याचा संभव असतो, असा इशारा त्या साधनाच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे.

क्रमांकाचा अर्थ

लायब्ररीच्या नावाच्या शेवटी येणारा क्रमांक हा करार असतो. आतील आज्ञांची मांडणी जुन्या आज्ञावलींना न चालण्याइतकी बदलली, की तो क्रमांक बदलण्यात येतो. म्हणून पाचव्या क्रमांकाची लायब्ररी नसताना चौथ्या क्रमांकाच्या फाइलीला पाचवीचे नाव देणे म्हणजे दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आपले छायाचित्र चिकटविण्यासारखे आहे. आज्ञावली एखादे वेळी चालू होईलही, पण मध्येच बंद पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर देईल.

असाच पेच उबुंटू २२.०४ आल्यानंतर अनेकांपुढे पडला. त्या आवृत्तीने ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती स्वीकारली, त्यामुळे ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ मागणाऱ्या जुन्या आज्ञावली चालेनात. पुष्कळांनी ही जुनी फाइल कोठून तरी आणून बसविली. परंतु १.१.१ या आवृत्तीस मिळणारा सार्वजनिक पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आहे. तेव्हापासून सर्वसामान्य वापरकर्त्यास तीत सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती मिळत नाही. जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीवर पुन्हा संकलित करणे, किंवा तिची नवी आवृत्ती घेणे, हाच येथे मार्ग आहे.

लायब्ररी कोठून घेतली हा प्रश्न किती गंभीर आहे, हे मार्च २०२४ मधील घटनेवरून दिसून येते. ‘एक्सझेड’ या संचातील ‘लिबएलझेडएमए’ लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी हेतुपुरस्सर चोरवाट घालून ठेवली होती. दूरस्थ प्रवेश किंचित सावकाश का होतो याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ती आढळली व २९ मार्च रोजी त्यांनी ती जाहीर केली. ही चोरवाट मूळ प्रकल्पातूनच आलेली होती. ती काही वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरण्यापूर्वीच पकडली गेली. वितरणाच्या स्थिर भांडारात नव्या गोष्टी उशिरा येतात ही तक्रार खरी असली, तरी त्या विलंबाचा असाही उपयोग झाला.

मराठीसाठी शेवटची फाइल

या सर्वांनंतर टेसरॅक्ट चालू झाली, तरी मराठी पान देताच ‘मार’ ही भाषा उघडता आली नाही असा संदेश येऊ शकतो. ही लायब्ररीची उणीव नव्हे. मराठी अक्षरांचे शिक्षण ‘मार.ट्रेनडडेटा’ या स्वतंत्र फाइलीत असते. येथे एक चकवा आहे. भांडारातून ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हा संच घेतला, तर ती फाइल तयार संचाच्या कप्प्यात जाते. स्वतः बांधलेली टेसरॅक्ट मात्र ती ‘/यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा’ येथे शोधते. फाइल त्या कप्प्यात ठेवावी, किंवा ‘टेसडेटा_प्रीफिक्स’ या मोठ्या अक्षरांतील चलाला ती जेथे आहे त्या कप्प्याचा पत्ता द्यावा. त्यानंतर ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्स’ ही आज्ञा दिली असता यादीत ‘मार’ हे नाव दिसते. चित्राचे नाव, तयार होणाऱ्या फाइलीचे नाव आणि ‘-एल मार’ एवढे दिले की स्मरणिकेचे पहिले पान मजकुराच्या रूपाने बाहेर पडते. जोडाक्षरांतील चुका त्यात राहतात. त्या मूळ पानाशी ताडून दुरुस्त कराव्या लागतात आणि ते काम माणसालाच करावे लागते.